नागपूरच्या सदरमधला प्री-मॅरेज कोर्स, सर्टिफिकेटसाठी गेलो होतो

साडेतीन स्टार. चर्चचं नाव टाकत नाही, तिथंच लग्न आहे माझं.

कॅथलिक लग्न म्हटलं की हा कोर्स आलाच, सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय फादर पुढचं बोलतच नाहीत, म्हणून गेलो, नाहीतर मिहानच्या ऑफिसातून शनिवारची सुट्टी मागायची नि होणाऱ्या बायकोनं हॉस्पिटलातली नाईट करून तसंच येऊन बसायचं, कोणाला हौस आहे. सकाळी ती अर्धी झोपेतच होती, खरं सांगतो.

पहिलं लेक्चर बोर. एक काका बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा 5 वा अध्याय घेऊन आले नि डायरेक्ट 22 व्या वचनापासून सुरू, बायकांनो नवऱ्याच्या अधीन राहा वगैरे. हिनं तशाच झोपेत हात वर केला, म्हणे काका 21 वं पण वाचा नं, त्यात दोघांनी एकमेकांच्या अधीन राहायचं म्हटलंय. नि 25 मध्ये तर ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जीव दिला तशी बायकोवर प्रीती करा, म्हणजे जड काम कोणाला दिलं सांगा! अख्खा हॉल हसून राहिला होता. एक स्टार काकांचा कापला.

दुपारी मात्र पैसा वसूल. लग्नाला 22 वर्षं झालेलं एक जोडपं आलं, त्यांनी कागद वाटले, पगार कोणाच्या खात्यात, घरी किती पाठवणार, म्हातारपणी आईबाबा कोणाकडे. दोघांनी वेगवेगळं लिहायचं नि मग अदलाबदल. आम्ही चार वर्षं सोबत फिरून राहिलो, फुटाळा तलावावर किती भुट्टे खाल्ले, पण हे कधी बोललोच नव्हतो. मी लिहिलं आईबाबा आमच्यासोबत. तिनंही तेच लिहिलं, फक्त तिचे. टू बीएचके आहे बे!

पोप फ्रान्सिस घरासाठी तीन शब्द सांगायचे, येऊ का, थँक्यू, सॉरी, ते त्या जोडप्यातल्या मावशींनी बोर्डावर लिहिलं. आमच्याकडे थँक्यू कोण म्हणते, आई तर सॉरीच्या जागी पण "जेवला का" विचारते. नाईट ड्युटीत रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, जमत नाही हे हिनं सांगितलं तर मावशी म्हणे, फोनवर एक 'आमच्या बापा' ही छोटी प्रार्थना तरी सोबत म्हणा नं. हे पटलं.

जेवण वरण-भात, आलूची भाजी, ठीक. पार्किंग नाहीच, अर्धा स्टार त्याचा गेला.

कागद फ्रिजवर लावलाय, थ्री बीएचके पाहून राहिलो.