शब्दाचा पहिला ठसा: ऑक्सफर्ड कोश की जुनी वर्तमानपत्रं?

इंग्रजी शब्द पहिल्यांदा कुठे छापला गेला, हे कुठे शोधू, असं भाचीने विचारलं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला वर्गणी पडते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा वृत्तपत्रसंग्रह फुकट. मेहनतीचं उलटं. कोशात तारखेसह दाखला तयार. वृत्तपत्रांत फिकट छपाई संगणक भलतीच वाचतो, मग बसा डोळे फोडत.

पण मजा पानावरच. 'ओके' २३ मार्च १८३९च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये थट्टेतलं लघुरूप म्हणून आलं, शेजारी अर्थही दिलेला. 'जॅझ' १९१२मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने छापला तो बेसबॉलच्या फेकीसाठी. संगीताचा पत्ताच नाही!

निबंधापुरती तारीख हवी तर कोश. त्याहून जुना दाखला खणायची खाज असेल, तर वर्तमानपत्रं.