म्हाताऱ्या कुत्रीची लघवी गळते म्हणून ‘गॅरंटीची पावडर’ घेताय? आधी हे वाचा

माझ्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, म्हाताऱ्या कुत्रीच्या लघवीच्या त्रासावर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून एक पावडर विकली गेली. पैसे गेले ते गेलेच, पण कुत्रीसुद्धा हातची जाता जाता वाचली. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवरून तेच डबे विकतोय असं कळलं. माण, खटाव, फलटणकडे ज्यांची कुत्री मेंढरं, शेळ्या किंवा बाग राखतात, त्यांनी हे वाचावं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचूनही दाखवावं, कारण हा माणूस त्यांनाच गाठतो.

आमची मैना दहा-अकरा वर्षांची. उमेदीत होती तेव्हा दिवाळीनंतर आबांच्या कळपाबरोबर चालत कोकणात उतरायची. रात्री मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी झोपायची आणि लांडग्याची चाहूल लागली की आबांच्या आधी उठायची. दोन वेतं झाल्यावर तालुक्याला नसबंदीचं शिबिर आलं, तेव्हा तिचं ऑपरेशन करून घेतलं होतं. गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता ती झोपून उठली की खालचं गोणपाट ओलं दिसायला लागलं. चालताना, पळताना काही नाही. जागेपणी लघवीला व्यवस्थित लांब जायची. गळायची ती फक्त गाढ झोपेत. उठल्यावर मागे वळून वास घ्यायची, स्वतःला चाटायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायची. पाऊस लागला तशा माश्या घोंगावायला लागल्या, मांडीच्या आतली कातडी लालभडक झाली. चुलती म्हणाली, हिला ओसरीवर घेऊ नका. आबांचा जीव तुटायचा. “एवढी वर्षं राखण केली तिनं, आता वास मारतोय म्हणून पावसात बांधू का?” नेमक्या या काळजीवर त्या माणसाने धंदा केला.

माझ्या चुलतभावाने मेंढपाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं की असं असं होतंय, कुणाला औषध माहीत आहे का. ग्रुपवर कुणी बोलायच्या आत एका नंबरवरून थेट त्याला फोन आला. नावामागे ‘डॉक्टर’ लावलेलं. बोलणं एकदम घरच्यासारखं, आबांना पहिल्या वाक्यापासून ‘मामा’. कुत्री किती वर्षांची, किती वजनाची, पाणी किती पिते, ऑपरेशन झालंय का, यातलं काहीही विचारलं नाही. “मूत्राशय ढिलं पडलंय मामा, तीन डब्यांचा कोर्स केला की बाटलीला बूच बसवल्यासारखं बंद.” एक डबा 1,800 रुपये, तीन घेतले तर 5,000. पैसे आधी, तेही एका बाईच्या नावावरच्या यूपीआय खात्यात. डबे दहिवडीच्या बाजारात एका पोराने हातात आणून दिले. पावती नाही.

तो डबा माझ्याकडे आहे. पांढरा प्लास्टिकचा, झाकणाला सील नाही, वर सिंहाचं चित्र. घटक म्हणून गोखरू, पुनर्नवा, वरुण. परवाना क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, बनवल्याची तारीख नाही. कंपनीच्या पत्त्याच्या जागी फक्त ‘महाराष्ट्र’. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावरही परवाना क्रमांक, बॅच आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता असावाच लागतो. आणखी एक गोष्ट. गोखरू आणि पुनर्नवा आयुर्वेदात मूत्रल म्हणून सांगितलेल्या आहेत, म्हणजे लघवी जास्त व्हावी म्हणून देतात. जिची लघवी थांबत नाही तिला हे कशाला, असा प्रश्न कुणाही वैद्याला पडला असता.

आता फसवणुकीचा खरा भाग. ती पावडर लागू पडली! आठवडाभरात मैना तरणी झाल्यासारखी वागायला लागली. मागचा पाय सकाळी आखडायचा तो सुटला, भूक वाढली, बकऱ्यामागे पळायला लागली. आबांनी मला फोन करून सांगितलं, “आरं, म्हातारी पळतीय बघ.” गावातल्या आणखी दोघांनी ते बघून डबे मागवले. असला माणूस गावात शिरतो तो असा. मात्र गळणं काही थांबलं नव्हतं. पुढे तर वाढलंच. मैना घमेलं घमेलं पाणी प्यायला लागली आणि जिथे आधी फक्त झोपेत ओलं व्हायचं, तिथे आता जागेपणीही उभ्या उभ्या लघवी सुटायला लागली. पोट लोंबायला लागलं, गार वाऱ्यातही ती धापा टाकायची.

आबांनी त्याला फोन केला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. “आतलं विष बाहेर पडतंय मामा, घाबरायचं नाही. हीच तर औषध लागल्याची खूण.” वर दोन सल्ले दिले. एक, संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवा. दोन, किडनी साफ करायचे थेंब सुरू करा, 2,400 रुपये. म्हणजे पावडरीनेच वाढवलेल्या त्रासावर दुसरं औषध विकायचं. एवढी तहान लागलेल्या जनावराचं पाणी तोडलं तर ते सुकून जातं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि जीवही जाऊ शकतो. मैनाने एका रात्री शेळ्यांच्या मुताचं डबकं चाटलं, तेव्हा चुलतीने कुणाचं न ऐकता भांडं परत भरून ठेवलं. त्या बाईमुळे कुत्री वाचली असं मी म्हणतो.

मी गावी गेलो आणि तिला गाडीत घालून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी औषधाचं नावही काढलं नाही, आधी लघवी मागितली. सकाळची पहिली लघवी न्यायची असते. ती बसली की मागून हळूच चपटी ताटली सरकवायची आणि स्वच्छ बाटलीत ओतून घ्यायची. लघवी पाण्यासारखी पातळ निघाली. साखर नव्हती, म्हणजे मधुमेह नव्हता. जंतू मात्र होते. सोनोग्राफी केली, मुतखडा नव्हता. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ते कोणते आणि त्यांना कोणतं औषध लागू पडेल हे बघण्यासाठी, लघवी पोटातून सुईने काढली, कारण बाहेरून धरलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये यकृताचं एक एन्झाइम फार वाढलेलं होतं. बाईंनी पोट दाबून पाहिलं, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, “हिला स्टेरॉइड कोण देतंय?”

आबांनी डबा पुढे केला. पावडरीची तपासणी आम्ही प्रयोगशाळेतून करून घेतलेली नाही, त्यामुळे त्यात काय होतं ते मी छातीठोकपणे लिहीत नाही. पण बाईंनी समजावलं ते असं: स्टेरॉइडने सांध्यांची सूज उतरते, भूक लागते, म्हातारं जनावर टुणटुणीत दिसतं. त्याच स्टेरॉइडने तहान आणि लघवी बेसुमार वाढते, आणि अंगाची प्रतिकारशक्ती दबल्याने मूत्राशयात जंतू वाढले तरी ताप नाही की कुंथणं नाही, काही कळतच नाही. मैनाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं याला जुळत होतं.

मूळ दुखणं अगदी साधं होतं. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये, खासकरून मोठ्या अंगाच्या, इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक (हार्मोन) कमी झाल्याने मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. ऑपरेशननंतर काही महिन्यांत होतं किंवा कित्येक वर्षांनी. जागेपणी ती धरून ठेवते, झोपेत अंग सैल पडलं की गळतं. म्हणून नसबंदी वाईट, असं कुणी म्हणू नये. तिच्यामुळेच गर्भाशयात पू होण्याचं जीवघेणं दुखणं टळतं. नसबंदी न झालेली म्हातारी कुत्री जास्त पाणी पीत असेल आणि मागून घाण जात असेल, तर तो हाच पू असू शकतो. तिथे एक दिवससुद्धा थांबू नका.

उपचार क्रमाने झाले. स्टेरॉइड एकदम तोडायचं नव्हतं, डॉक्टरांनी मोजून गोळ्या देत हळूहळू उतरवलं. कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक दिलं. जंतू गेले, तहान जागेवर आली आणि मग उरलं ते आधीचंच झोपेतलं गळणं. त्यासाठी एस्ट्रिऑल या संप्रेरकाची गोळी सुरू झाली. आधी रोज, मग जेवढ्यात भागतं तेवढ्यावर आणली. ती नसबंदी न झालेल्या मादीला चालत नाही. काहींना फेनिलप्रोपॅनोलामाइन नावाचं दुसरं औषध देतात, पण त्याने रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयाचं दुखणं असेल तर जपावं लागतं. यातलं काहीही मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. जी गोळी एकीला बरी, ती दुसरीला घातक. घरातल्या माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

मैना आता जुन्या सुतळीच्या बाजेवर झोपते. चुकून गळलंच तर खाली जातं, अंग कोरडं राहतं, बाज उन्हात धुऊन टाकता येते. गोणपाटापेक्षा हे शंभर पट बरं. झोपायच्या आधी आबा तिला बांधापर्यंत चालवून आणतात. मांडीमागचे केस कातरले आहेत. कोमट पाण्याने पुसून, पूर्ण कोरडं करून वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवतात. पावसाळ्यात तिथली कातडी रोज बघावी लागते, ओल्या जागी माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. लहान मुलांचं डायपर शेपटीपुरतं भोक पाडून चालतं, पण तासन्‌तास तसंच ठेवलं तर कातडी भाजते. पाणी दिवसरात्र समोर असतं. रात्रीच्या राखणीला आता तिची नात असते, मैना ओसरीवरूनच आवाज देते.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. यूपीआयने पैसे गेले होते म्हणून 1930 या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. ग्राहक म्हणून 1915 वर तक्रार नोंदवता येते, बनावट औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. डबा, उरलेली पावडर, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि चॅट यातलं काही टाकून देऊ नका. डॉक्टर म्हणवणाऱ्याला सरळ नोंदणी क्रमांक विचारा. 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याशिवाय पशुवैद्यकी करता येत नाही. आपल्याकडे ही नोंदणी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते. खरा डॉक्टर नंबर सांगताना अडखळत नाही. आणि जो लघवी न तपासता लघवीचं औषध विकतो, त्याचा फोन तिथेच ठेवा.

ज्यांच्या घरी असली पावडर आत्ता चालू आहे, त्यांनी हे वाचून ती आज रात्रीच बंद करू नये. आत स्टेरॉइड असेल आणि बरेच दिवस दिलं असेल, तर अंगाने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. एकदम तोडलं तर जनावर गळून जातं, उलट्या करतं, कोसळतं. डबा पिशवीत घाला, सकाळची लघवी बाटलीत धरा, कुत्रीला घ्या आणि उद्याच नोंदणीकृत डॉक्टर गाठा. तोवर पाण्याचं भांडं भरलेलं राहू द्या.