शटर पडल्यावर : ‘पी-टू’ बघायचा की ‘इंट्रूडर’?

शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर एकच सिनेमा बघायचाय, भीतीचा हवाय, पण भूतबित नको, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी हीच दोन नावं येतात. ‘पी-टू’ २००७ चा, ‘इंट्रूडर’ १९८९ चा. दोन्ही अमेरिकन, दोन्ही थोडक्या पैशात उभे केलेले, आणि दोन्हींत माणूस आपल्या कामाच्याच जागी खुन्यासोबत कोंडला जातो. एकात ऑफिसच्या इमारतीखालचं पार्किंग आहे, दुसऱ्यात रात्री बंद झालेलं सुपरमार्केट. दोन्ही एका रात्री बघायला बसू नका, दुसऱ्याची धार जाते. एकच निवडा. कोणता, ते तुम्ही कशाला घाबरता यावर आहे. शेवट मी फोडणार नाही, ‘इंट्रूडर’मधला खुनी कोण तेही सांगणार नाही. ‘पी-टू’चा खुनी सुरुवातीलाच समोर येतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

‘पी-टू’ हे पार्किंगच्या मजल्याचं नाव. ख्रिसमसची आदली संध्याकाळ, मॅनहॅटनमधली उंच इमारत, ऑफिसं रिकामी होत आलेली. अँजेला (रेचल निकोल्स) सगळ्यांच्या मागून निघते. घरी बहिणीकडे सगळे वाट बघताहेत आणि गाडी सुरूच होत नाही. पार्किंगचा रखवालदार टॉमस (वेस बेंटली) मदतीला येतो, बॅटरीला केबल लावून बघतो, जमत नाही. मग जरा अवघडत म्हणतो, मी जेवण केलंय, माझ्याबरोबर जेवा.

ती नाही म्हणते. पण कशी म्हणते, ते नीट बघा. हसून म्हणते. कारण देते. त्याला वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणते. ‘अहो नको, खरंच नको, घरी वाट बघताहेत’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कुठल्या ना कुठल्या पुरुषाला याच सुरात सांगितलेलं आहे. समोरच्याने अजून काहीही वावगं केलेलं नसतं, आवाज चढवला तर आपणच उद्धट ठरू, म्हणून आपण गोड बोलून निसटतो. तेवढ्या मिनिटभरात हा सिनेमा मला जेवढा घाबरवून गेला, तेवढा नंतरच्या कुऱ्हाडी-साखळ्यांनी घाबरवला नाही. बेंटलीने टॉमस फार विचारपूर्वक केलाय. तो राक्षसासारखा वागत नाही. आपण फार चांगले आहोत, हिच्यासाठी एवढं केलं आणि हिला त्याची किंमत नाही, असं त्याला मनापासून वाटतं. असा माणूस पडद्यावर बघताना पाठीत कळ येते, कारण तो ओळखीचा आहे.

त्यानंतर टॅक्सीचा प्रसंग. ती टॅक्सी बोलावते, वर लॉबीत येते. टॅक्सी काचेच्या दारापलीकडे येऊन उभी राहते आणि दार बंद. ती काचेवर थापा मारते, हातवारे करते. ड्रायव्हरपर्यंत काही पोचत नाही आणि तो निघून जातो. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची व्यवस्था हवी, घरापर्यंत पोचवायची सोय हवी, असं लिहिलेलं आहे. कायदा चांगलाच आहे. पण तो प्रसंग बघताना मला पहिल्यांदा कळलं की गाडी दारात येणं आणि आपण त्या गाडीत बसणं यात एक दार असतं, आणि त्याची किल्ली तिसऱ्याच कुणाकडे असते. आमच्या ऑफिसच्या तळघरात उतरताना पहिल्याच वळणावर फोनची रेंज जाते. म्हणून उतरण्याआधीच ‘निघाले गं’ सांगून टाकायचं, ही आम्हा सगळ्याजणींची सवय. अँजेलाचा फोन खाली लागत नाही तेव्हा मला तेच वळण आठवलं.

इथवरचा, म्हणजे साधारण पहिल्या अर्ध्या तासाचा ‘पी-टू’ मी कुणालाही डोळे मिटून सुचवेन. पुढे मात्र तो घसरतो. ती शुद्धीवर येते तेव्हा तिच्या अंगावर पातळ पांढरा पोशाख असतो, पायात साखळी आणि समोर मांडलेलं जेवणाचं टेबल. टॉमसने तिला बाहुलीसारखं सजवलं, हे कथेला धरून आहे. पण उरलेला वेळ कॅमेराही तिच्याकडे टॉमसच्याच नजरेने बघत राहतो, हे मला खटकतं. तिच्या बाजूने उभा राहिलेला सिनेमा अधूनमधून त्याच्या बाजूला जाऊन बसतो. फ्रँक खालफून यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. पटकथा त्यांनी अलेक्झांद्र आजा आणि ग्रेगरी लवासर यांच्यासोबत लिहिली. या दोघांना रक्तपाताचं वावडं नाही, आणि ते दिसतं. मधे गाडीने चिरडण्याचा एक प्रसंग इतका क्रूर आहे की मी उठून पाणी प्यायला गेले. कुत्र्याचंही वाईट होतं, ज्यांना ते बघवत नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावं. तरी एक प्रसंग उत्तरार्धातही पहिल्या अर्ध्या तासाच्या तोडीचा आहे. ती लिफ्टमध्ये अडकलेली असते आणि टॉमस आग विझवायचा होज वरून आत सोडतो. जागा तीच, इमारतीच्या रोजच्या वापरातली वस्तू तीच, आणि पाणी चढत जातं. बजेट कमी असलं की असं हाताशी असलेल्या वस्तूंतूनच भीती काढावी लागते, आणि ती निघते तेव्हा फार खरी असते.

अमेरिकेत हा नोव्हेंबर २००७ मध्ये दोन हजारांवर चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्याच आठवड्यात आपटला. तेवढ्यावरून त्याला बाद करू नका.

आता ‘इंट्रूडर’. याच्याकडे मी वळले ती वेगळ्या ओढीने. कॉलेजात असताना ३१ मार्चच्या मोजदादीला मी मामाच्या दुकानात जायचे. रात्री दहाला शटर अर्धं खाली ओढायचं आणि रॅकपासून रॅकपर्यंत माल मोजत जायचं. एक जण ओरडून आकडा सांगणार, दुसरा वहीत मांडणार. रात्री एकनंतर त्या दुकानाचा आवाज बदलतो. दिवसभर ऐकू न येणारा डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर एकदम घुर्र करून सुरू होतो आणि हातातला डबा सुटतो. शेवटच्या रॅकमागे कुणी आहे का, हे माहीत असूनही दोनदा बघितलं जातं. गल्ल्याशेजारी लाकडी ठोकळ्यावर उभी तार असायची, बिलं टोचून ठेवायची. मामा प्रत्येक वेळी म्हणायचे, ‘हात जपून गं, डोळ्यात जाईल.’

‘इंट्रूडर’मध्ये तशीच तार आहे. ती सुरुवातीला नुसती टेबलावर दिसते. पुढे काय होतं ते तुम्ही बघालच.

स्कॉट स्पीगलने हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. तरुणपणी मिशिगनमध्ये तो स्वतः किराणा दुकानात कामाला होता, आणि याच कल्पनेवर त्याने आधी सुपर-८ वर, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यावर, एक छोटा चित्रपटही केला होता. हे सगळं पडद्यावर उतरलंय. दुकान विकायचं ठरलंय, माल निम्म्या किमतीत काढायचा, म्हणून रात्रपाळीची माणसं सगळ्या मालावर नव्या किमतीच्या चिठ्ठ्या लावत बसलेली. कॅशियर जेनिफरचा जुना प्रियकर तुरुंगातून सुटून दुकानात येऊन राडा घालतो, त्याला बाहेर काढतात, आणि मग एकेक जण दिसेनासा व्हायला लागतो. कोण कुठल्या विभागात काम करतं, मालाचे खोके दाबायचं यंत्र कुठे, मांस कापायची करवत कुठे, मागचं दार कुठे उघडतं, हे सगळं आधी शांतपणे दाखवलेलं आहे. म्हणून प्रत्येक मृत्यू त्या त्या माणसाच्या कामाच्या वस्तूने येतो तेव्हा तो ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

पैसे नव्हते, ते लाख-सव्वा लाख डॉलरचं काम. बंद पडलेल्या एका सुपरमार्केटमध्ये चित्रीकरण झालं, आणि मित्रमंडळीच नट झाली. ‘ईव्हिल डेड’वाला सॅम रेमी इथे मांसाच्या काउंटरवर उभा आहे, त्याचा भाऊ टेड भाजीफळांच्या विभागात. स्पीगल आणि रेमी बालपणापासूनचे दोस्त, ‘ईव्हिल डेड २’ त्यांनी मिळून लिहिला होता. निर्माता लॉरेन्स बेंडर पुढे दिग्दर्शक टॅरंटिनोचा निर्माता झाला. पडद्यावरच्या खोट्या रक्ता-जखमांचं काम करणाऱ्या तिघांत ग्रेग निकोटेरो होता, ज्याचं काम नंतर ‘द वॉकिंग डेड’मध्ये जगाने बघितलं. खरी चैन मात्र कॅमेऱ्याची. तो ट्रॉलीच्या आत बसून जाळीतून माणसांकडे बघतो, फोनच्या डायलच्या आतून बघतो, जमिनीखालून झाडूकडे बघतो. जणू दुकानच नोकरांवर नजर ठेवून आहे. सव्वा लाखात कुणी एवढा विचार करून कॅमेरा लावला याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

उणंही सांगायला हवं. पहिली चाळीसेक मिनिटं संथ आहेत. ज्याने कधी दुकानात काम केलं नाही त्याला ती कंटाळवाणी वाटू शकतात. अभिनय कामचलाऊ, जेनिफरच्या भूमिकेतली एलिझाबेथ कॉक्स सोडली तर लक्षात राहणारं कुणी नाही. आणि सुरुवात झाली की रक्त सांगायला नको इतकं आहे, मुलं घरात जागी असताना लावायचा हा सिनेमा नव्हे. ‘पी-टू’त हिंसा कमी वेळा येते, पण मनाला लागून राहते. ‘इंट्रूडर’मधली पोटात ढवळते आणि विरते. मला पहिली जास्त जड जाते.

मग निवड कशी करायची? तुम्ही ऑफिसातून उशिरा निघत असाल, आणि रात्रपाळीच्या माणसाशी गोड बोलावं की तुटक, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर ‘पी-टू’. नवऱ्याला, भावाला, मोठ्या मुलालाही शेजारी बसवा, निदान टॅक्सी निघून जाईपर्यंत. त्याच्यापुढचं नाही बघितलं तरी चालेल, हे मी मनापासून म्हणतेय. आणि सिनेमा बनतो कसा यात रस असेल, स्वतः काही करून बघायची इच्छा असेल, एक दुकान आणि आठ-दहा मित्र एवढंच हाताशी असेल, तर ‘इंट्रूडर’. एकांकिका-शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना मी दरवेळी हाच सांगते. खुनी कोण याचा अंदाज बांधायला ज्यांना आवडतं त्यांनीही हाच बघावा, ‘पी-टू’त ते कोडंच नाही. शेवटाचं म्हणाल तर ‘पी-टू’ सुटकेचा श्वास देतो, ‘इंट्रूडर’ शेवटच्या क्षणी तोच श्वास हिरावून घेतो. मला तो कडू शेवट जास्त खरा वाटतो. पोलीस आले म्हणजे सुटलो, हा भरवसा सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही.

रक्तापेक्षा नोकरीची भीती जास्त हवी, असं कुणाचं म्हणणं असेल तर तिसरं नाव घेते, ‘ऑफिस’. कोरियन, २०१५ चा, हाँग वॉन-चानचा. कानच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांत दाखवला गेला होता. एक साधासुधा अधिकारी घरच्यांचा खून करून ऑफिसला येतो. सीसीटीव्हीत तो आत जाताना दिसतो, बाहेर पडताना दिसत नाही. खून त्यातही आहेत, पण जीव कातरतो तो एका इंटर्न मुलीकडे बघून, जिला कायम करण्याचं आश्वासन देत सगळे जण राबवून घेतात. कंत्राटावर काम करणाऱ्याने हा सावकाश बघावा.  ‘द बेल्को एक्सपेरिमेंट’ (२०१६) अनेक जण सुचवतात. बोगोटातलं ऑफिस, ८० माणसं आणि ध्वनिक्षेपकावरून येणारा एकमेकांना मारण्याचा हुकूम. कल्पना जोरदार आहे, पण अर्ध्यानंतर माणसं मोजण्यापुरती उरतात, एकाचंही दुःख होत नाही. मी तो पुन्हा बघणार नाही.

‘इंट्रूडर’ ठरवलात तर दोन गोष्टी जपा. अमेरिकेत तो व्हिडिओवर आला तेव्हा रक्ताचे बरेच प्रसंग कापून आला होता, आणि त्या आवृत्तीत अर्ध्या मृत्यूंचा अर्थच लागत नाही, तेव्हा न कापलेली आवृत्ती शोधा. आणि ट्रेलर अजिबात बघू नका, जुन्या कॅसेटचं वेष्टनही वाचू नका. दोन्हींत खुनी कोण ते सरळ दाखवून टाकलंय.