कुळीथ पिठी, अर्धा किलो: भाजणी चोख, लेबल अर्धवट

कोकणातल्या बचतगटाची ही पिठी खमंग आहे. कुळीथ मंद आचेवर भाजून, भरडून, टरफलं पाखडून मगच दळलेत. भाजणी कच्ची राहिली तर उग्र वास येतो, ओल राहून पीठ लवकर बिघडतं; करपली तर कडू लागते. इथे दोन्ही सांभाळलंय.

पाकिटावर १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं लिहिलीत, ते ठीकच. पण पिठल्याला माणशी २५ ग्रॅम पिठी लागते, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिनं. हा हिशेब छापायलाच हवा.

पिठी आधी गार पाण्यात कालवा. थेट आधणात टाकली तर गुठळ्या होतात, आत पीठ कच्चं राहतं. लसूण, आमसूल हवंच. पाकीट मात्र पातळ. पावसाळ्यात लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.