प्रशिक्षणासाठी गावातून कोणाला आणि कुठे पाठवावे?

ग्रामसभेत प्रशिक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा प्रमाणपत्राचा असतो आणि दुसरा प्रवासखर्चाचा. शिकायला गेलेला माणूस परत आल्यावर गावात नेमके काय करणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पुढील तुलना याच तिसऱ्या प्रश्नावरून केली आहे. त्यासाठी मराठवाड्यातील किंवा पश्चिम विदर्भातील एखादे कोरडवाहू गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. तेथे सोयाबीन, तूर आणि कापूस ही मुख्य पिके असतात, पावसाने ओढ दिली की विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात आणि कमावती मुले पुण्याकडे निघून जातात.

सर्वांत जवळचा पर्याय कृषी विज्ञान केंद्राचा. देशातील पहिले केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज महाराष्ट्राच्या प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात किमान एक केंद्र आहे. तेथील बहुतेक वर्ग एक ते पाच दिवसांचे असतात आणि प्रश्न नेमका असेल तर त्यांचा उपयोग लगेच दिसतो. बीजप्रक्रिया कशी करावी, माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा, शेळ्यांना लस केव्हा टोचावी, अशा गोष्टींसाठी यापेक्षा लांबच्या अभ्यासक्रमाची गरज नाही. अडचण वेगळीच आहे. दरवेळी तीच चार-पाच मंडळी जातात, फायली आणि पिशव्या घेऊन येतात, आणि शिकलेले त्यांच्याच बांधापर्यंत राहते. जालन्याजवळील खरपुडी येथील केंद्राने दरमहा ५ तारखेच्या चर्चासत्राची प्रथा रुजवली आणि शेजारच्या कडवंचीत पाणलोटाच्या कामाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे संपर्क ठेवला. त्या गावाने पुढे शेततळ्यांच्या आधारावर द्राक्षबागा उभ्या केल्या आणि २०१२ च्या दुष्काळातही त्या टिकवल्या. यामागे एखाद्या वर्गापेक्षा सातत्याचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

हे सातत्य शेतीशाळेच्या रचनेतच आहे. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या प्रश्नातून जन्माला आली. महाराष्ट्रात कृषी विभागाने आणि २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. वीस-पंचवीस शेतकरी पेरणीपूर्वीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतराने एका यजमान शेतकऱ्याच्या शेतात जमतात, झाडे मोजतात, किडी आणि मित्रकिडी वेगळ्या ओळखतात, निरीक्षणे मोठ्या कागदावर काढतात आणि फवारणी करायची की नाही, हे आपापसांत ठरवतात. कपाशीत कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा) सलग तीन दिवस दररोज आठ पतंग सापडल्याशिवाय गुलाबी बोंडअळीसाठी औषध फवारण्याचे कारण नाही, हे वाक्य व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या हाताने पतंग मोजून त्या आठवड्याची फवारणी वाचवणे वेगळे. २०१७ मध्ये बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते वर्ष आठवले की या शिक्षणाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेतीशाळेची उणीवही स्पष्ट आहे: सारी भिस्त समन्वयकावर असते. तो नकाशे, आकृत्या बाजूला ठेवून भाषण करू लागला की तिसऱ्या वर्गापासून उपस्थिती फक्त सह्यांपुरती उरते. शिवाय फवारणीचा पंप पाठीवर घेणारा मजूर आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या बाया या वर्गात सहसा नसतात.

ही शेवटची उणीव भरून काढणारा मार्ग लातूर-धाराशिव भागात तयार झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ज्या गावांतील स्त्रिया घरबांधणीच्या कामात संवादक म्हणून पुढे आल्या, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने नंतर एक एकर शेतीची पद्धत मांडली. कुटुंबाच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर तुकडा बाईने स्वतःच्या निर्णयाने कसायचा, त्यात डाळी, भाजीपाला, भरडधान्य अशी कमी पाण्याची आणि घरात खाल्ली जाणारी पिके मिसळून घ्यायची आणि खत-औषध शक्यतो घरीच बनवायचे, असे तिचे स्वरूप आहे. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. येथे शिकवणारी बहुधा दुसऱ्या गावातली शेतकरीणच असते, त्यामुळे प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. सोयाबीन गेले तरी घरात तूर, मूग आणि भाजी राहते, ही या पद्धतीची ताकद. तिच्यातला सर्वांत कठीण धडा मात्र शेतीचा नाहीच: सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असताना तो एक एकर मागून घेणे. बचत गट जुना आणि एकजुटीचा नसेल तर एकट्या बाईला हे जड जाते.

तरुणांसाठी दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँका चालवतात, प्रशिक्षण निवासी आणि मोफत असते, कालावधी काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचा. मोटार दुरुस्ती, शिवणकाम किंवा दुग्धव्यवसाय ठरलेला असेल आणि पुढे कर्ज हवे असेल तर सरळ तेथे जावे. पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केला. तेथील वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात मुलगा वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन आणि अन्नप्रक्रिया अशी सगळी कामे प्रत्यक्ष करून शिकतो. पुस्तकी शिक्षणात मागे पडलेल्या, पण हात चालणाऱ्या मुलासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र वर्ष मोडते, शुल्क भरावे लागते आणि परतल्यावर गावात वर्कशॉप टाकायला जागा-भांडवल नसेल तर तो पुण्यातल्याच एखाद्या कारखान्यात लागतो. त्याच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही. गावाचा हेतू मात्र साधत नाही.

पाण्याचेच काम रखडले असेल तर वरीलपैकी काहीही आधी करू नये. पाणी फाउंडेशन या संस्थेच्या २०१६ ते २०१९ मधील वॉटर कप या गावागावांतील जलसंधारण स्पर्धेत आधी निवडक गावकऱ्यांना निवासी प्रशिक्षण आणि लगेच ठरावीक मुदतीत श्रमदान अशी जोड होती. २०१७ चा विजेता, वर्धा जिल्ह्यातील काकडदरा, मोजक्या घरांचा आदिवासी पाडा होता. ती स्पर्धा आता नाही, तरी शिकल्यावर महिन्याभरात चर खोदायला उतरण्याची ती शिस्त गावाला स्वतःच्या बळावरही पाळता येते. त्याच संस्थेची २०२२ पासूनची फार्मर कप स्पर्धा शेतकरी गटांसाठी आहे; गट आधीच जुळलेला असेल तर तिचा विचार करावा.

एकच पर्याय निवडायचा झाला तर मी शेतीशाळा निवडेन, परंतु दोन अटींवर. पंचवीसपैकी किमान दहा जागा स्त्रिया आणि फवारणी करणारे मजूर यांच्यासाठी राखाव्यात आणि त्यांच्या त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीची सोय ग्रामपंचायतीने किंवा गटाने आधी करावी. बचत गट भक्कम असलेल्या गावात एक एकरची वाट अधिक फलदायी ठरेल आणि तेथे शेतीशाळा दुसऱ्या वर्षी घेतली तरी चालेल. कोणताही निर्णय घेतला तरी तो मे महिन्यातच व्हायला हवा. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा कृषी सहायक) गटाची यादी आणि यजमान शेतकऱ्याचे नाव मृगाच्या आधी पोहोचले नाही, तर बीजप्रक्रिया आणि उगवणक्षमता चाचणीचा पहिला वर्ग हुकतो आणि गट पेरणी झालेल्या शेतात जमतो.