ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड नक्की कधी? अकरा महिने पास वापरल्यावर

आम्ही टॅम्पाला राहतो. तिथून डिस्ने वर्ल्ड गाडीने सव्वा-दीड तास, आय-फोर हायवेवर ट्रॅफिक नसेल तर. म्हणजे दोन तास धरा. सप्टेंबर 2024 मध्ये पिक्सी डस्ट पास काढला. फ्लोरिडात राहणाऱ्यांनाच मिळणारा हा सगळ्यात स्वस्त वार्षिक पास, पण शनिवार-रविवार आणि मोठ्या सुट्ट्यांचे दिवस वर्ज्य. मुलगा चार वर्षांचा, शाळेची कटकट नाही, माझं काम घरून. चौदा चकरा झाल्या. पुण्याहून सारखे फोन येतात, "आम्ही कधी येऊ?" म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हवा बघून तारीख ठरवू नका, अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्या बघा. जुलैत अंगाची काहिली होत असते तरी रांगा असतातच, कारण पोरं घरी असतात. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटला की सगळं सैल पडतं. आम्ही पहिल्यांदा गेलो ते अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडला एरवी तासभर उभं राहावं लागतं, त्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांत नंबर लागला. चिरंजीव तीनदा बसले आणि चौथ्यांदा बसू दिलं नाही म्हणून रडले.

पण सप्टेंबर फुकट मिळत नाही. दुपारी दोन-तीनला आभाळ भरून येतं आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद. तेव्हा पार्किंगकडे पळू नका. हाँटेड मॅन्शन, पायरेट्स, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस ही छपराखालची मंडळी त्या वेळेसाठी राखून ठेवायची. तासाभरात पाऊस जातो, अर्धी जनता वैतागून घरी गेलेली असते आणि संध्याकाळ आपली. आम्हाला सगळ्यात मजा अशाच ओल्या संध्याकाळी आली. वादळांचा मोसम मात्र 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत. ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा 9 तारखेला दुपारनंतर आणि 10 तारखेला पूर्ण दिवस पार्क बंद होते. आम्ही तर घरच सोडून जॉर्जियात मित्राकडे गेलो होतो. भारतातून येणाऱ्याने त्या दिवसांचं बुकिंग रद्द करता येईल असंच करावं.

ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी किल्ला असलेल्या पार्कात, काही रात्री हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहापर्यंतच. रात्रीची आतिषबाजी हुकते म्हणून बरेच जण तो दिवस टाळतात, त्यामुळे दिवसभर गर्दी कमी. मी कॅलेंडर न बघता गेले होते आणि सहाला पोराला कडेवर घेऊन बाहेर पडताना स्वतःवरच चिडले. आता मुद्दाम तेच दिवस निवडते.

दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना एकच सांगणं: नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा तपासून घ्या. न्यू जर्सीतल्या शाळांना तेव्हा शिक्षकांच्या अधिवेशनामुळे सुट्टी असते आणि अख्खं जर्सी इथे उतरतं. रांगेत मराठीही बरंच ऐकू येतं, तो भाग वेगळा. त्यानंतर थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सुट्टीच्या, आधीपर्यंत छान.

नाताळ ते नवं वर्ष? नको. आमचा पास तेव्हा चालतच नव्हता, पण दीर अटलांटाहून आले म्हणून तिकिटं काढली. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, त्या आठवड्यात मॅजिक किंगडमचा एका दिवसाचा दर माणशी 180 डॉलरच्या पुढे. दिवसभरात पाच राइड झाल्या. हिशोब तुम्हीच करा.

जानेवारीत डिस्नेच्याच मॅरेथॉनचा शनिवार-रविवार सरला की बरं असतं, फक्त सकाळी स्वेटर लागतो आणि पाण्याच्या राइड बऱ्याचदा दुरुस्तीला काढलेल्या असतात.

माझं खरं मत मे महिन्याचं. ईस्टरची धामधूम संपलेली, अमेरिकन शाळा अजून चालू, मेमोरियल डेची सुट्टी महिनाअखेरीस. आणि आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी! तरी आपली माणसं हटकून जूनमध्ये येतात, ऐन गर्दीत आणि पावसात. सासू-सासरे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आले. सासूबाई चिपळूणच्या. गेटमधून आत शिरल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपलाच मे." पण पावसाची चुकामूक झाली, रोजचा धुवाधार सुरू व्हायचा होता. सकाळी उघडायच्या आधी अर्धा तास गेटवर, साडेबाराला बाहेर, हॉटेलवर झोप, पाचला परत. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी नकोत. सासूबाईंनी दशम्या आणि कोरडी चटणी नेली होती. तपासणीच्या माणसाने डबा उघडून वास घेतला, हसला आणि जा म्हणाला. एपकॉट या दुसऱ्या पार्कात तेव्हा फुलांचा उत्सव चालू होता. सासरे, जे राइडमध्ये बसायला तयार नव्हते, तिथे दोन तास रमले.

पासचं नूतनीकरण करणार नाही. ऑगस्टपासून मुलगा किंडरगार्टनला जाणार. मधले वार शाळेचे आणि शनिवार-रविवार पासला वर्ज्य. नणंद पुढच्या वर्षी येते म्हणतेय, तिला 5 ते 15 मे सांगून ठेवलंय. त्यातला एक दिवस आमच्या चिरंजीवांच्या पोटात दुखणार आहे.