सर्व्हर आत्ता का अडकलाय, की मघाशी का अडकला होता?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. हळदीचे सौदे झाले की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढायची घाई उडते, आणि नेमका तेव्हाच दिवाणजींचा फोन येतो, "साहेब, पट्ट्या निघंनात." विश्रामबागेत गाडी बाजूला लावून लॅपटॉप उघडेपर्यंत सगळं सुरळीत! टॉप (चालू कामांची यादी दाखवणारी कमांड) लावून बघावं तर सर्व्हर निवांत पडलेला. असं तीनदा झालं, मग सर्व्हरवर नजर ठेवायच्या साधनांबद्दलचं माझं मत बदललं.

तक्रारीच्या वेळी तुम्ही सर्व्हरवर हजर असाल, तर एचटॉप, म्हणजे टॉपचाच सुधारलेला भाऊ, पुरतो. टॉप जवळजवळ प्रत्येक मशीनवर आधीपासून असतो, एचटॉप टाकावा लागतो; पण सीपीयूच्या प्रत्येक कोरची वेगळी रंगीत पट्टी दिसते (ही पट्टी मात्र लगेच निघते) आणि एफ५ दाबलं की कुठली प्रोसेस कुणी सुरू केली तेही कळतं. टॉपमधला 'डब्ल्यूए' हा आकडा (डिस्कची वाट बघण्यात सीपीयूचा गेलेला वेळ) मात्र विसरू नका. लोड ॲव्हरेजचे (सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत, त्याचे) तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात, आणि लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतो. ४ कोरच्या मशीनवर लोड ९ आणि सीपीयू मोकळा, असं दिसलं तर आधी डिस्ककडे बघा. रॅमचंही तसंच. फ्री कमांड दिल्यावर येणारा 'फ्री' रकाना बघून घाबरू नका, 'अव्हेलेबल' बघा. कॅशमध्ये (डिस्कवरून वाचलेलं हाताशी ठेवण्यात) गेलेली बरीचशी रॅम गरज पडली की परत मिळते.

माझ्यासारखे उशिरा पोचणारे असाल, तर सार किंवा एटॉप. दोन्ही दर १० मिनिटांनी नोंद ठेवतात. सार हलका आणि जुना भरवशाचा, पण तो अख्ख्या मशीनचा हिशेब देतो. डिस्क भरगच्च होती एवढं सांगेल, कुणामुळे ते नाही. शिवाय डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) त्याचं नोंद ठेवणं चालू करावं लागतं. मी ते विसरलो होतो आणि आठवडाभर नोंदच झाली नव्हती.

एटॉप प्रोसेसचं नावही टिपून ठेवतो. 'एटॉप -आर' देऊन आजची नोंद उघडली, 'टी' दाबत दुपारपर्यंत आलो, तर डिस्कची ओळ लालभडक. डिस्क कोण वापरतंय ते बघायला 'डी' दाबलं, तर सगळ्यात वर जीझिप, म्हणजे फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम! कुणीतरी बॅकअप भरदुपारी लावून ठेवला होता. तो कुणीतरी म्हणजे मीच.

नेटडेटा दर सेकंदाला मोजतो, ब्राउझरमध्ये आलेख देखणे दिसतात, मालकाला दाखवायला झकास. मात्र त्याचं १९९९९ पोर्ट (नेटवर्कवरचं दार) इंटरनेटवर उघडं सोडू नका.

प्रोमेथियस (मोजमापं गोळा करणारा) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारा) एका सर्व्हरसाठी म्हणजे चार पेंड्या वाहायला दहा चाकी ट्रक. प्रत्येक मशीनवर मोजमापं पुरवणारा नोड एक्स्पोर्टर, वेगळ्या मशीनवर प्रोमेथियस, इशाऱ्यांसाठी अलर्टमॅनेजर. सांगितलं नाही तर नोंदी १५ दिवसच राहतात. पाच-सात सर्व्हर झाले, मध्यरात्री मोबाइलवर इशारा हवा असला, की मग ही मेहनत वसूल होते.

यार्डातल्या मशीनवर मी एटॉपच ठेवलाय. फक्त ६०० सेकंदांचं अंतर ६० वर आणलंय, कारण दिवाणजींचा "मघाशी" हा कधीकधी चारच मिनिटांचा असतो. नोंदीच्या फाइली त्याने फुगतात, म्हणून २८ ऐवजी १० दिवसांच्याच ठेवतो.